उजेल

३ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

मायना बाबांच्या शिस्तीत लिहिलाय, त्यांना आवर्जून दाखव. फोनवर तू नुसतं "बरं आहे गं" म्हणतेस आणि त्या "बरं"चा मला काही अर्थ लागत नाही, म्हणून कागद घेतला. नियम तुझाच आहे. दिवसभर पडद्यावर प्रोग्राम लिहिणाऱ्याने घरच्यांना तरी हाताने लिहावं.

झटक्यानंतर बाबा काठी घेऊन चालायला लागले, डाव्या हाताने जेवतात, हे ऐकून जीव भांड्यात पडला. पण ते बोलत नाहीत हे काही मनातून जात नाही. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनी बजावलंय ना, की आत्ता बोलले नाहीत तर पुढे बोलणं कायमचंच जाईल? जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलेल्या माणसाला बोबडं बोलायची लाज वाटणारच. एका "ळ"पायी त्यांनी मला किती पिडलंय! म्हणून एक यंत्र पाठवतेय. आपण बोललो की ते दिवा लावतं, पंखा लावतं. माणसांसमोर नाही, तर निदान त्याच्यासमोर तरी तोंड उघडतील. तू घरी केलेला तो डबा आठवतो का गं? त्याच्यापुढे हा म्हणजे अगदी साहेब आहे.

बाबांना नमस्कार. माया आहे तेवढी असू दे, थोडी वाढली तरी चालेल.

तुझी,
ठकी

१९ मार्च

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा साहेब आला. मी त्याला टेबलावर बसवला, दिव्याशी जोडून दिला. बाबा बरीच हिंमत करून त्याच्याशी एक शब्द बोलले. साहेब अगदी गोड आवाजात म्हणाला, "समजलं नाही, पुन्हा बोला." बाबा पुन्हा बोलले. साहेबाचं आपलं तेच. मग बाबांनी त्याची वायर उपटली आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. तेव्हापासून हूं की चूं नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं. तुझ्यापासून काय लपवायचं?

डब्याचं म्हणशील, तर काल तो माळ्यावरून काढला. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, झाकणावर तू चिकटवलेला कागदी डोळा अजून शाबूत. तू तेव्हा चार वर्षांची होतीस. अंधाराला भ्यायचीस आणि बटणापर्यंत हात पुरायचा नाही, म्हणून तर तो सगळा खटाटोप. ऑफिसात माझ्या प्रोग्रामला कुणी नाव ठेवत नसे, पण घरी दोन तारांना एक डाग द्यायचा तर माझी फे फे उडायची. बाबा टॉर्च धरून उभे राहायचे. एकदा वितळलेलं शिसं त्यांच्या नव्या चपलेवर सांडलं, त्यावरून केवढं ऐकलं मी!

तुझ्या तोंडी "उजेड" नव्हता, "उजेल" होता. तोच मी डब्याला शिकवला. आवाज कुणाचाही चाले, मावशीचा, पाहुण्यांचा, पण शब्द तुझाच लागे. घरभर सगळे "उजेल, उजेल" करत फिरायचो. बाबांनी मात्र तो कधीच उच्चारला नाही. अशुद्ध बोलण्यापेक्षा अंधारात बसेन म्हणायचे, आणि खरंच बसायचे. ती चूक दुरुस्त कर म्हणून रोज माझ्या मागे लागायचे. पुढे तुझी जीभ वळली. एक दिवस तू ऐटीत "उजेड" म्हणालीस, दिवा काही लागेना, आणि तू भोकाड पसरलंस. मग मुद्दाम बोबडं बोलायला लागलीस. तरी मी ती चूक काढली नाही. आज काढू, उद्या काढू. खरं सांगू? काढवेना.

आता बाबांचा आवाज या डब्याला शिकवावा म्हणते. पण त्यासाठी ते आधी बोलायला हवेत, आणि घोडं तिथेच अडलंय. माझं तर डोकं चालेनासं झालंय. तू जिवाला जप, आठवण आहेच.

आई

२८ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

आधी हसले, मग रडले, मग पत्र पुन्हा वाचलं. एवढी मोठी इंजिनिअर तू आणि काखेत कळसा!

बाबा साहेबाला काय म्हणाले असतील? "उजेड"च ना? आणि झटक्यापासून त्यांचा "ड" कसा येतो, ते आठव बरं. डब्याला नवं काही शिकवू नकोस, जुनं काही काढू नकोस. नुसत्या तारा जोड आणि तो त्यांच्या खुर्चीशी ठेव. त्यांना मात्र काही सांगू नकोस. सांगितलंस तर हट्टाने गप्प बसतील.

मी इथे देव पाण्यात घालून बसलेय. लवकर कळव.

ठकी

१४ एप्रिल

चि. ठकीस,
अनेक आशीर्वाद.

डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, तरी गुण कापू नयेत.

तुझ्या आईने दोन दिवस तारांशी झटापट केली आणि तो डबा माझ्या खुर्चीशी आणून ठेवला. मी भुवई उंचावली, तर म्हणाली, धूळ झाडायला काढलाय. तिला थाप मारणं कधीच जमलेलं नाही.

परवा ती दुकानात गेली असताना अंधारून आलं. बटणापर्यंत हात पुरेना. घरात कोणी नाही असं पाहून मी बोललो. मनाशी मी शुद्ध "उजेड"च म्हटलं होतं, तोंडातून मात्र तुझा शब्द निघाला. दिवा लागला.

त्या कागदी डोळ्याकडे मी कितीतरी वेळ बघत राहिलो. मग पुन्हा म्हणालो, दिवा गेला. पुन्हा म्हणालो, आला. खोलीत एकटा बसून हाच खेळ चालवला होता. तुझी आई पिशवी घेऊन दारात कधीची उभी होती, देव जाणे. ती हसत होती आणि डोळे पुसत होती. मी तिला म्हणालो, "ती चूक आता दुरुस्त करू नकोस." वाक्य धड आलं नाही, पण तिला कळलं.

रविवारी फोन कर. मी बोलणार आहे. कळलं नाही, तर "पुन्हा बोला" म्हणू नकोस. नुसतं "हं" म्हण. तू बोबडी होतीस तेव्हा तुझं निम्मं मलाही कळत नसे. मी "हं" म्हणायचो आणि तू बोलत राहायचीस.

तुझा,
बाबा