माळावरचा कुंदा

केज तालुका,
आश्विन वद्य तृतीया

प्रिय गहिनीनाथ,

हे पत्र हाती पडलं की उभ्याउभ्याच वाच. खिशात घालून जेवायला जाऊ नकोस, आणि तुझ्या खोलीतल्या त्या तेलंगी सोबत्यासमोर उघडू नकोस. येत्या सोमवारी तुला साऱ्या प्रोफेसरांपुढं उभं राहून तुझा निबंध वाचायचा आहे. त्याच्या आत हे तुला मिळालं पाहिजे, म्हणून मी गावच्या टपालावर भरवसा ठेवला नाही. आपला धुळाजी सरकीच्या पोत्यांची गाडी घेऊन घाटनांदूरच्या स्टेशनावर निघाला आहे, त्याच्याजवळ देतो आहे, तो ते तिथं आगगाडीच्या टपालात टाकेल. लखोटा दोनदा खळ लावून चिकटवला आहे. चिकटवलेली जागा उचकटलेली दिसली तर मला लगेच कळव. धुळाजी वाईट नाही, पण वाटेत गाडी सोडली की त्याला उद्योग लागतो.

इकडे ठीक आहे. पाऊस दसऱ्याआधीच गेला. मळईच्या शेतात शाळूची पेर अर्धी झाली. ढवळ्याच्या खांद्याची सूज उतरली. तुझ्या आईला मी विचारलं, काय लिहू, तर ती म्हणाली, जे लिहायचं ते तुम्हाला ठाऊक आहे. चार दिवस झाले, ती माझ्याशी एवढंच बोलते.

तू बी.एस्सी. झालास तेव्हा मला वाटलं होतं, शिक्षण संपलं, आता पोरगं कुठंतरी खुर्चीवर बसेल. तू म्हणालास, आबा, अजून दोन वर्षं. शिकून झालेल्या माणसाला पुन्हा कोण शिकवतं, असं माझ्या मनात तेव्हाच आलं. नापास झाला असेल आणि लपवत असेल, असंही आलं. मी तीन बुकं शिकलेला माणूस, मला एवढंच कळणार. मग तुझी पत्रं येऊ लागली. सकाळी सहाला तलावावर जातो, बाटलीत शेवाळ भरून आणतो. दिवसभर एक डोळा मिटून नळीतून बघतो आणि दिसेल त्याचं पेन्सिलीनं चित्र काढतो. एकाच पानाचं चित्र साहेबांनी सात वेळा पुसायला लावलं. दुपारी खालच्या वर्गातल्या पोरांना बेडूक कसा चिरायचा ते दाखवतो. पहिल्या दिवशी तुझाच सुरा घसरला आणि मागच्या बाकावरची पोरं हसली. खाणावळीत भाकरी नसते, चिंचेचं पातळ सार आणि भात असतो. आता तिकडे सकाळी गारवा पडू लागला आहे, आणि संध्याकाळी सगळे गेल्यावर खोलीला कुलूप तू लावतोस, कारण तू तिथं सगळ्यांत नवा.

हे मी धुळाजीला वाचून दाखवलं. तो हसून म्हणाला, "मुंजाजी, लई शिकलं की बे तुझं पोरगं! शेवाळ काढतंय आन् गवत मोजतंय. आमी तर न शिकताच गवत उपटतोय." मीही हसलो, पण मला हसू खरं आलं नव्हतं. सरकार या कामाचा तुला दरमहा वजिफा देतं असं तू लिहिलं होतंस. शेवाळ बघायला सरकार माणूस कशाला पोसेल? माझ्या डोक्यात तेव्हापासून किडा शिरला.

भादव्यात तुझं पुडकं आलं. टीपकागदाचे गठ्ठे आणि तीस छापील चिठ्ठ्या. आपल्या शेतातलं आणि माळावरचं गवत मुळासकट काढून, कागदात दाबून, वाळवून पाठवा, आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी लावा, असं तू लिहिलंस. चिठ्ठीच्या माथ्यावर उर्दू छपाई आणि गोल मोहर. मला उर्दू वाचता येत नाही, पण मोहर ओळखता येते. खाली तू तुझ्या अक्षरात मराठीत रकाने पाडले होते. मौजा, शेताचं नाव, मातीचा रंग, मातीची खोली, खाली मुरूम की खडक, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत. गहिनी, मी ते वाचलं आणि चिठ्ठी उलटी करून ठेवली. हेच रकाने मी एकदा पाहिले होते. अगदी याच क्रमानं.

मी तेव्हा विशीतला होतो. सारा ठरवायच्या बंदोबस्तासाठी जमीन मोजणारे पैमाइशीचे लोक आपल्या गावी आले होते, साखळ्या घेऊन. तुझे आजोबा शेताच्या नादातले मोठे अभिमानी. कारकुनाला मळईत घेऊन गेले, कुंदा गवताचा एक ठोंब दाखवला आणि म्हणाले, "ह्यो खनून बगा, रावसाहेब, मुळी पाताळात जाती." कुंदा माजतो ती जमीन खोल आणि काळी, हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. कारकुनाला कुदळ लागलीच नाही. त्यानं तिथंच उभं राहून मळईपुढं अव्वल असं लिहिलं आणि सारा कायमचा चढला. त्या दिवसानंतर तुझे आजोबा कागदवाल्या माणसापुढं मातीबद्दल एक शब्द बोलले नाहीत, आणि मरताना मला जे चार शब्द सांगितले त्यात कागदवाल्यापुढं मातीबद्दल बोलू नकोस, हाही एक होता.

तुझं पुडकं यायच्या आधीच पोळ्याच्या बाजाराला गेलेल्या धुळाजीनं केजहून बातमी आणली होती की नवा बंदोबस्त येणार. कचेरीच्या पारावर म्हणे लोक तेच बोलत होते. मी दोन्ही गोष्टी जुळवल्या. सरकारनं यंदा साखळीवाले न पाठवता शिकलेली पोरं धरली, त्यांना वजिफा दिला, आणि त्यांच्याच हातून बापाच्या शेताची खोली काढून घेणार. तुझ्या पत्रात तर दोनदा लिहिलं होतं, आबा, खरं तेच लिहा. मी म्हटलं, याला असं का लिहावं लागलं? आपला बाप खोटं लिहील, हे याच्या मनात कसं आलं? कोणी शेजारी बसून लिहून तर घेतलं नाही? तुझी मागची सगळी पत्रं काढून मी अक्षर ताडून पाहिलं. अक्षर तुझंच होतं, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

तुझ्या आईनं मात्र ते काम सणासारखं केलं. सकाळी स्वतः खुरपं घेऊन गेली. कुंदा, हरळी, लव्हाळा मळईतून, कुसळी आणि तरवडाची डहाळी माळावरून, सगळं वेगवेगळ्या फडक्यांत बांधून आणलं. कागदात पसरताना एकेक पातं बोटानं सरळ केलं. वरून जात्याची तळी ठेवली. रोज दुपारी ओले कागद काढून कोरडे घालायची, पापड उलथावेत तसे. शेजारणी विचारायच्या, हे कशाला? ती म्हणायची, माझ्या लेकराच्या साहेबाला बघायचंय. चिठ्ठ्या लिहिणं तेवढं माझ्याकडं होतं, कारण तिला लिहिता येत नाही.

तुझं मागचं पत्र चार दिवसांपूर्वी आलं. मी ओसरीवर बसून मोठ्यानं वाचलं, ती समोर तांदूळ निवडत होती. तू लिहिलं होतंस की साहेबांनी तुझा एक कागद सगळ्यांपुढं धरला. काळ्या खोल जमिनीचं हे गवत वीतभर मातीच्या मुरमाड माळावर कसं वाढलं, असं कोणत्याही पुस्तकात नाही, ही कुंद्याची वेगळीच जात असावी, असं ते म्हणाले. वर्गातली जुनी पोरं पहिल्यांदा तुझ्या टेबलाजवळ आली. निबंधाला तोच विषय ठरला, सोमवारी बाहेरगावचे प्रोफेसरही ऐकायला येणार, आणि पुढं हा माल विलायतेला दाखवायला पाठवणार. आबा, हे सारं तुमच्यामुळं झालं, असं शेवटी होतं. ती ओळ मी भराभर वाचून टाकली.

तुझी आई हसायला लागली. "आगं बया, माळावर कुंदा? कुंदा कवा माळावर आलाय व्हय? त्या साहेबाला कोनीतरी बनवलंया बगा." हसता हसता तिनं माझ्याकडं पाहिलं. मी तंबाखूची चंची शोधायला लागलो, ती माझ्या मांडीवरच होती. तिनं सूप खाली ठेवलं. "चिट्ट्या तुमीच लावल्या न्हवं?" मी चंची सोडून तंबाखू मळायला घेतली. मग ती जे बोलली ते सगळं लिहीत नाही. "लेकराच्या तोंडाला काळं फासताय तुमी. समद्यांम्होरं हुबं ऱ्हानार हाय त्ये." त्यावरही मी तीन दिवस कागद हाती घेतला नाही. मनात म्हणत होतो, कोणाला कळणार आहे? साहेब काही कुदळ घेऊन केजला येत नाहीत. पण चौथ्या दिवशी ती म्हणाली, आज तुम्ही लिहा, नाहीतर मी शाळेच्या मास्तरांकडून लिहून घेते आणि त्यात समदं सांगते. मास्तरला कळलं की गावाला कळलं. तरी तुला खोटं सांगत नाही, मी लिहायला बसलो तो मास्तरच्या भीतीनं नाही. तू त्या सभेत उभा राहिल्याचं चित्र डोळ्यांपुढून हटत नव्हतं, आणि त्यात मागच्या बाकावरची पोरं हसत होती.

तर गहिनी, सोमवारी तो निबंध वाचू नकोस. मळई हलकी दिसावी आणि सारा वाढू नये म्हणून मळईच्या चिठ्ठ्या मी माळाच्या गवताला लावल्या आणि माळाच्या मळईच्या गवताला. एवढंच असतं तर चूक झाली म्हणता आलं असतं. पण कुंद्याची मुळी तुझ्या आईनं दोन हात खणून अख्खी काढली होती. वीतभर मातीत एवढी मुळी कशी, असं कोणी विचारेल म्हणून मी ती खुरप्यानं वीतभर ठेवून छाटली, आणि कापलेलं टोक दगडानं चेचलं, तुटल्यासारखं दिसावं म्हणून. साहेबांनी नळीतून पाहिली असेल ती मुळी मी बनवलेली आहे. तुझ्यावर शक घेऊन मी हे केलं, स्वतःच्या पोरावर. आज सकाळी मीच मळईत जाऊन नवा ठोंब खणला. ओल्या गोणपाटात गुंडाळून धुळाजीच्या गाडीत ठेवला आहे, स्टेशनावरून तो रेल्वेनं तुला येईल, मुळी संपूर्ण आहे, मोजून घे. तुझ्या उरलेल्या चिठ्ठ्यांपैकी एक मी खरी भरली आहे. शेताचं नाव मळई, माती काळी, खोली दोन पुरुष उंचीची, विहिरीला पाणी चैत्रापर्यंत. तुझ्या साहेबांवर माझा अजून भरवसा बसलेला नाही, आणि बसेल असं वाटत नाही. पण तू खोटा नाहीस हे त्यांना कळायला दुसरा कागद माझ्याजवळ नाही. तेव्हा हे पत्र त्यांना दाखव. त्यांना मराठी येत नसेल तर त्या तेलंगी सोबत्याला नको, तू स्वतः वाचून दाखव. खाली मी पूर्ण नाव आणि गाव घातलं आहे, कचेरीत घालतात तसं, म्हणजे कोणी विचारलं तर जबाब माझ्याकडं येईल.

तुझाच बाप,
मुंजाजी वल्द त्रिंबक, काश्तकार, तालुका केज, जिल्हा बीड