तोंडी सौदे

अमरावती, माघ शुद्ध ५, शके १७८६

जानरावाची वही पाहिली. वही कसली — वाण्याची चोपडी! अकोल्याचा हा माळी कालपरवापर्यंत वांगी विकत होता. अमेरिकेत गोरे आपसांत लढू लागले, कापसाला सोन्याचा भाव आला आणि हा शेटजी झाला. आता म्हणे त्याची पेढी आमच्या पेढीत मिळवायची. आमचे मालक खुशालराव यांना नऊ आणे, त्याला सहा. उरलेला एक आणा माझा! वीस वर्षे मुनीम म्हणून खर्डेघाशी केली. आता भागीदार.

माघ वद्य २

करारनामा मीच लिहितो आहे. जानरावाला त्यातले ओ की ठो कळत नाही. 'दोन्ही वह्यांत चढलेले देणे-घेणे पाडव्यापासून एक' हे कलम वाचून दाखवले. तो कान खाजवत बसला. मग सांगू लागला, की दर्यापूरच्या कास्तकारांचा कापूस आजच्या भावाने घ्यायचे तोंडी ठरले आहे. माल वैशाखात यायचा, आणि माल आल्याशिवाय तो वहीत चढवत नाही. "शब्द देला हाये म्या. थे बी धरा."

भाव रोज चढतोच आहे, म्हणजे हा निव्वळ नफा! म्हटले, हो, तेही पेढीचेच. कागद कशाला वाढवायचा? मान डोलावून गेला. बैलोबा!

चैत्र शुद्ध १, शके १७८७

सह्या झाल्या. जानरावाची सही म्हणजे मुंग्यांची रांग. घरी पत्नी सुभद्रेने मला ओवाळले.

वैशाख शुद्ध ८

अमेरिकेतली लढाई संपली. मुंबईहून खबर आली. कापसाला कुत्रे विचारत नाही.

वैशाख शुद्ध १०

दर्यापूरच्या गाड्या अकोल्यात येऊन उभ्या. जानराव इकडे धावत आला. जुन्या भावाने माल पेढीने घ्यावा म्हणतो! खुशालरावांनी मला विचारले, "कागदात हाये काय?" नाही म्हटले. "मंग झालं."

झालेच. हे सौदे पेढीचे धरले तर माझ्या एका आण्यापायी राहते घर जाते. तोटा भागीदाराच्या घरादारावर, हे कलमही मीच लिहिले आहे. वांगी विकणाऱ्याच्या शब्दासाठी सुभद्रेला रस्त्यावर आणू?

ज्येष्ठ वद्य ४

जानरावाने पेढीवर दावा लावला. आज कचेरीत माझी साक्ष झाली. तोंडी सौदे जानरावाने सांगितले होते काय? — नाही. शपथेवर म्हटले. त्याचा एक शब्द, माझा एक. बाजारात वीस वर्षांची पत माझी, त्याची चार दिवसांची. दावा फेटाळला.

बाहेर तो वाटेत उभा होता. "मुनीमजी, तुमी हो म्हनलं होतं." आवाजसुद्धा चढवला नाही. भांडला असता तर चार शिव्या तरी हासडता आल्या असत्या!

श्रावण शुद्ध ३

जानरावाने मळा विकला. दर्यापूरकरांना ठरल्या भावाने पैसे चुकते केले. कायद्याने एक कवडी देणे नव्हते! असा गाढव अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल.

दोन दिवस जेवण जात नाही. पित्त असावे.

कार्तिक वद्य ३

नवा कापूस आला. दर्यापूरच्या उत्तमरावाची गाडी पहिली. वीस वर्षे तो नुसत्या माझ्या शब्दावर मलाच माल देतो. भाव सांगितला. त्याने बैल सोडले नाहीत. म्हणाला, "लिहून द्या."