मुक्काम आंबवडे

३ डिसें., बुध.
अजून एका तांब्यात भांडी घासते. नळ आहे, टाकी भरलेली आहे, तरी हात सुटत नाही. आठ वर्षं गावोगाव फिरत गाडीतच संसार केला की पाणी जपायची खोड जात नाही. चित्रा फोनवर हसते, "आई, आता कुठल्या पंपावर पाणी मागायला जायचं नाहीये."
शेजारच्या शेवंताकाकूंनी पावट्याची आमटी दिली. झक्क! खाल्ली, वाटी घासली, लगेच नेऊन दिली. रिकामी. काकूंचं तोंड एवढंसं झालं. "रिकामी वाटी देत्यात व्हय गं? चिमूटभर साखर तरी घालायची." मेलं, विसरलेच! वाटेत ज्यानं दिलं त्याचं भांडं सकाळी निघायच्या आत परत, एवढंच डोक्यात. साखर घेऊन पुन्हा गेले.
सकाळी हे, "आज कुठं हाय आपण?" म्हटलं, आंबवडे. "बरं."

५ डिसें., शुक्र.
तेच. आज तीनदा. जेवताना परत.
गाडीतही रोज सकाळी हेच विचारायचे. मीही विचारायचे. गोकर्ण का कारवार, उठल्या उठल्या कुणाला आठवतंय? हसायचो दोघं. गाव रोज नवं, म्हणून कळलंच नाही मला की हे खरंच...
इथं गाव बदलत नाही. प्रश्न तोच राहतो.

९ डिसें., मंगळ.
दोन खोल्यांचं घर, त्यात हे हरवले. मोरी सापडेना. मधल्या खोलीत भिंतीवर हात फिरवत उभे. धोतर ओलं. मी पुसून घेतलं. मान वर करेनात. जन्मभर यष्टी चालवली ह्या माणसानं, वरंध्याचा घाट डोळे झाकून उतरवायचा.
मग हे अंगणात गाडीत जाऊन बसले. थोड्या वेळानं मी बघायला गेले तर चहा ठेवलेला. शेगडी, काडेपेटी, साखरेचा डबा, सगळं न बघता हाताला येत होतं. "घेतीस का घोटभर?" चहा अगदी पूर्वीसारखा. मला रडू आवरेना. "काय झालं गं मंगल?" म्हटलं, धूर गेला डोळ्यांत.

१२ डिसें., शुक्र.
आज जीव गेला होता माझा. हे इंजिन चालू करून बसले, गिअर टाकायच्या बेतात. मागच्या चाकाशी काकूंची नातवंडं गोट्या खेळत होती. मी किंचाळले. किल्ली काढून घेतली तर माझ्यावरच डाफरले, "ड्रायव्हर कोन हाय हितं?"
काकू पोरांना ओढत घेऊन गेल्या. त्यांचं काय चुकलं?

१४ डिसें., रवि.
चित्रा पुण्याहून आली. ह्यांना भोरला डॉ.कडे नेलं. डॉ. म्हणाले, ओळखीच्या जागेत ठेवा, जागा बदलू नका.
चि. म्हणाली, "बघ, म्हणून घर हवं होतं."
अगं, पण ह्यांच्या ओळखीची जागा कुठली?
"आई, उद्या एखादं पोर चाकाखाली आलं तर?" गाडी विकायला किकवीचं गिऱ्हाईक बघितलंय तिनं. पुढच्या सोमवारी घेऊन येते म्हणाली. किल्ली तिनं पर्समध्ये टाकली आणि गेली. जाताना रडली. मीही.

१७ डिसें., बुध.
घरच गाडीसारखं मांडलं. पलंग भिंतीला टेकवला, शेगडी डाव्या हाताला, खुंटीवर ह्यांचा टॉवेल. दिवसभर खपले. हे आले, बघितलं, म्हणाले, "कुनाची खोली म्हनायची ही?"
काकूंनी सुचवलं, चाकं काढून ठेव की गाडीची, घरासारखीच होईल. चि.ला विचारलं. "आई, ते रोज पाना घेऊन चाकं बसवायला जातील." जातीलच. मी ओळखते ना.

२१ डिसें., रवि.
उद्या गिऱ्हाईक.
दुपारी भाकऱ्या थापत होते. हे स्वयंपाकघराच्या दारात आले. अंघोळ केलेली, टोपी घातलेली. हात जोडले. "वहिनी, लई केलंत आमचं. आता येतो."
माझा हात पिठातच राहिला.
कुणाच्या अंगणात गाडी लावली की निघताना हे असंच करायचे. घरच्या बाईला हात जोडल्याशिवाय कधी निघाले नाहीत. मी तेव्हा गाडीत आवराआवर करत असायची, मला लांबूनच दिसायचं.
म्हटलं, "राहा की दोन दिवस." दुसरं काय म्हणणार?
"न्हाई. मंडळी गाडीत वाट बघती माजी."
विचारलं, कशी आहे मंडळी तुमची?
"फटकळ हाय," म्हणाले. "पर चांगली हाय. दमली हाय आता."
दोन भाकऱ्या फडक्यात बांधून हातात दिल्या. वाटेच्या माणसाला देतात तशा. ते चपला शोधत होते, तेवढ्यात मी मागच्या दारानं पळत सुटले आणि गाडीत जाऊन बसले. धाप लागली होती. हात तसेच पिठाचे.
हे आले. मला बघून चेहरा एवढा उजळला! इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "बाई चांगली हाय हितली," म्हणाले, "भाकरी दिली बग." मग ड्रायव्हरच्या जागेवर बसून खिसे चाचपायला लागले.
म्हटलं, आधी जेवून घेऊ. खाल्ली भाकरी. जेवून तिथंच आडवे झाले, शांत झोपलेत.
चित्राला फोन लावला. तिनं उचलला. "आई? काय गं? बोल ना." म्हटलं, आम्ही गाडीत आहोत.