खाणीवरचा दिवा

३ ऑगस्ट
सौंसरजवळच्या बंद मँगनीज खाणीचा दिव्याचा मनोरा आजपासून माझा. खाली एक खोली, वर एक खोली, तिच्यावर काचेचं दिवाघर. लोखंडी जिना, बेचाळीस पायऱ्या. दिवाळीपर्यंत राहण्याजोगं घर होईल. तहसीलीत छत्तीस वर्षं फायली हलवल्या. हे तर नुसतं प्लास्टर.
बायकोला, इंदूला, पांढुर्ण्याला फोन केला. सध्या ती मुलीकडे, प्रज्ञाकडे आहे. सध्या म्हणजे मार्चपासून. सगळं ऐकून म्हणाली, "बरं." होकार समजावा.

९ ऑगस्ट
शेळ्या घेऊन केसरबाई आली. शेवटचा दिवेवाला भगवंतराव, त्याची विधवा. "आमचे हे वर भेटले का?" असं विचारलं, पोस्टात पत्राचं विचारावं तसं.
तिच्याकडून कळलं ते असं. सुरुंगाच्या आधी लाल दिवा लागे. दिवा दिसला की माणसाने आहे तिथेच थांबायचं, विझला की निघायचं. दिवेवाल्याने बदलीचा माणूस वर आल्याशिवाय उतरायचं नाही. एका संध्याकाळी भगवंतराव उतरला. पाय दुखत होते. दिवा लागला नाही, सुरुंग उडाला, आणि इंदूचे वडील खाणीच्या वाटेने घरी येत होते.
"मेले तरी सहा वाजता चढूनच राहिले," केसरबाई म्हणाली. "बदलीचा मानूस यायचा हाये."
पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. इंदू तेव्हा सात वर्षांची. त्या वयातलं कोणाला आठवतं?

१४ ऑगस्ट, संध्याकाळी सहा
जिन्यावर पावलं. चढती. मोजली, बेचाळीस. लोखंड दिवसा तापतं, संध्याकाळी आकसतं. विज्ञान.
ठराव: उद्यापासून मोजायचं नाही.

१५ ऑगस्ट
बेचाळीस.

२२ ऑगस्ट
रोशन मिस्त्रीने वरची खोली अर्धवट सोडली. उद्या पांढुर्ण्याची गोटमार, नदीतली दगडफेक. म्हटलं, बघायला जातोस? म्हणाला, "पाह्याले कोन जाते, बाबूजी?"

२६ ऑगस्ट
रोशन आला. कपाळावर पाच टाके. नदीत उभा राहून दगड खाणारा माणूस सहाच्या आत मनोरा उतरतो. "दगड दिसते तरी," म्हणाला. अंधश्रद्धेवर त्याला अर्धा तास समजावलं. साडेपाचलाच गेला.

२ ऑक्टोबर
नागपूरला दीक्षाभूमीवर इंदू भेटली. बारीक झाली आहे. वरच्या खिडकीतून संत्र्याचे बगीचे दिसतात, असं सांगितलं. तिने विचारलं, "आणि खाण?" म्हटलं, खाणही दिसते. व्ह्यू चारी बाजूंनी आहे.

१९ ऑक्टोबर
उद्या दिवाळी. घर तयार नाही. देवदिवाळी हीसुद्धा दिवाळीच.

८ नोव्हेंबर
दिवाघर पूर्ण. जुनी लाल काच भंगारात सापडली. घासली, बसवली, आत दोनशे वॅटचा बल्ब. रोशन म्हणाला, पांढरी लावा. त्याला हेरिटेज कळत नाही.
केसरबाई खालून बघत होती. "लावू नका बाप्पा. शेळ्या बी थांबतीन."

१६ नोव्हेंबर
प्रज्ञाचा फोन. आई येते म्हणते, एकदा बघते. सामान किती, विचारलं. एक पिशवी. एक पिशवी म्हणजे किमान चार दिवस.
ठराव: पावलांचा विषय काढायचा नाही. चहात साखर कमी.

२० नोव्हेंबर
सव्वापाच. राजूचा ऑटो इंदूला घेऊन सौंसरहून निघाला. दिवा लावला. लांबून दिसावं की कोणी वाट बघतं आहे.
पाच पस्तीस. नाल्यापलीकडे ऑटो. थांबला. पंक्चर असावं.
पाच पन्नास. तिथेच. पंक्चरला उजेड हवा, म्हणून दिवा तसाच ठेवला. हात हलवला.
सहा. जिन्यावर पावलं. आज लक्ष दिलं नाही.
सहा पाच. ऑटो वळला.

२१ नोव्हेंबर
राजूला गाठलं. तो म्हणाला, "काकू म्हने, थांब, दिवा इझन मंग जाऊ. मी म्हटलं, काकू, आता कायची खाण? तं म्हने, माह्या बापाले कोनी थांबवलं नाही, तू थांब." अर्धा तास थांबले. मग इंदू म्हणाली, "त्याइले मी दिसून राहिली, तरी इझवत नाही. चाल वापस."
दिवा नाल्यापलीकडून दिसतो, एवढं सिद्ध झालं.
इंदूला फोन केला. उचलला. मी व्होल्टेजबद्दल सांगितलं.

२२ नोव्हेंबर, संध्याकाळी सहा
दिवा लावला नाही. काचेजवळ बसलो होतो. पावलं आली. आज माझ्या शेजारून निघाली आणि खाली गेली. बेचाळीस.
खाली केसरबाई शेळ्या वळवत होती. वर पाहिलं नाही. कोणाला तरी म्हणाली, "चाला आता. लय उशीर केला."
उतरून चहा करावा म्हटलं. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, परत घेतला.
पाय दुखत आहेत. उद्या उतरू.