सहाशे वॅटची वरात

१२ एप्रिल २००८
किळस आली. आपल्याकडे आवाज आणि गोंगाट यांतला फरकच कुणाला कळत नाही. माझा साळा, बायकोचा भाऊ टिकाराम, याची वरात सडक अर्जुनीला जाणार, आणि सासऱ्यांनी, रामलालमामाजींनी, बँड ठरवला! फोन करून म्हटलं, बँड रद्द करा, माझी व्हॅन पुढे चालेल, असा साउंड ऐकला नसेल कोणी. मामाजी म्हणाले, "जवाईबापू, पक्कं ना?" हा काय प्रश्न झाला? केला रद्द.

१५ एप्रिल
गोंदियातून ॲम्प्लिफायर आणला. सहाशे वॅट. दुकानदार विचारतो, "स्पीकर झेल लेगा?" म्हटलं, झेलेगा. नसत्या चौकशा.

१६ एप्रिल
रुचि खोक्यांवरचं वाचत बसली. म्हणे, गाडीतले नवे स्पीकर पन्नास-पन्नासचे, मंग एवढा मोठा ॲम्प कायले? समजावलं, पॉवर जास्त असली की स्पीकरला आराम मिळतो. तिने खोकी उचलून ठेवली. बायकोला पटवणं अवघड नाही.

१९ एप्रिल, संध्याकाळ
ट्रायल. पहिलं मिनिट स्वर्ग. मग व्हॅनच्या एका दारातून कोंबडीची मान धरल्यागत आवाज, दुसऱ्यातून धूर. रुचि ओरडली, "जाळून राहिले ना जी!" तिला संगीत कळत नाही. नव्या स्पीकरना आधी मोकळं व्हावं लागतं.

२० एप्रिल
दोन्ही मुके. कंपन्या भंगार विकतात, शी! घरातल्या जुन्या डेकचे चारही स्पीकर काढून एकाच तारेवर जोडले. चार म्हणजे दुप्पट आवाज. थोडा वेळ वाजले, मग ॲम्पवर लाल दिवा. फुल पॉवरची खूण असावी. हात लावला तर चटका बसला. मशीन दमदार आहे.

२४ एप्रिल, सकाळ
आज कळेल सगळ्यांना.

२५ एप्रिल
काल मंडपाच्या अलीकडे वरात उभी राहिली. बटण दाबलं. लाल दिवा. परत दाबलं. लाल दिवा. सासूबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या, "बापू, कवा वाजन?" उन्हाने तापलंय मशीन, म्हटलं. त्या भर रस्त्यात पदराने डोळे पुसत होत्या. बायका कायच्या काय रडतात.

व्हॅन बाजूला लावली. वरात तशीच पायी निघाली, नवरदेवाचा घोडा सगळ्यात मागे. टाचणी पडली तरी ऐकू यावी. सगळ्यांच्या माना खाली, मी मामाजींच्या शेजारी.

रस्त्यावरच्या एका किराणावाल्याने आम्हाला येताना पाहिलं, घाईघाईने अर्धं शटर ओढलं आणि हात जोडून उभा राहिला.

टिकारामने घोड्यावरून त्याला नमस्कार केला.