भिगवणचा फोटो

पुणे,
२१ जानेवारी

चि. कादंबरीस,

अनेक आशीर्वाद. इकडचं सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत असते, म्हणून लिहिलं. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय झालेत, चालवून घे. उजवं मनगट प्लास्टरात आहे, डाव्या हाताने लिहिते आहे. पायरीवरून घसरले, असं तुला सांगितलंच होतं. घरात दोन दोन मोबाइल असताना आईला पत्राचं खूळ कुठून लागलं, म्हणशील. तुझा फोन आला की बाबा शेजारी येऊन बसतात आणि ‘स्पीकर लाव’ म्हणतात. पोस्टाच्या पेटीला तेवढा स्पीकर नाही.

आमचा भिगवणचा फोटो तू डीपीला लावलास. बाबा सायकलवर, त्यांनी मला मिठी मारलेली, मागे टाळ्या वाजवणारी मंडळी. ‘असं म्हातारं होता आलं पाहिजे’ असंही वर लिहिलंस. खालच्या मजल्यावरच्या आजी कालच विचारून गेल्या, तुमचा प्रेमविवाह का हो म्हणून.

त्या दिवसाची हकीगत बाबांनी तुला रंगवून सांगितली असेलच. आता माझी ऐक. उजाडता उजाडता हडपसरहून निघालो. सौमित्रचा सायकलवाल्यांचा ग्रुप. तो खराडीला ऑफिसात असतो, बाकीचेही तसलेच, गुडघे शाबूत असलेले. सगळ्यांत वडील बाबा. मुक्काम भिगवणला, दुसऱ्या दिवशी सोलापूर. मी मागच्या टेम्पोत, केळी, पाणी आणि पंक्चरच्या सामानाबरोबर. या मंडळींचा एक कडक नियम: टेम्पोने कायम शेवटच्या सायकलीच्या मागे राहायचं, पुढे जायचं नाही. मला वाटलं, शहाणी मुलं आहेत.

लोणी काळभोरपर्यंत सगळे एकत्रच होते, तिथे चहाला थांबले. मी टेम्पोतून उतरून लगबगीने बाबांची सायकल धरली, मग ते उतरले.

‘काकू, काय लाड!’ सौमित्र म्हणाला.

‘सवय लागलीये,’ मी म्हटलं.

यवतच्या अलीकडे शेफाली नावाच्या मुलीची सायकल पंक्चर झाली, म्हणून टेम्पो थांबला. आम्ही यवतला पोहोचलो तेव्हा बाकीच्यांची मिसळ संपत आली होती. बाबा कुठे दिसेनात. ‘काका थांबलेच नाहीत!’ सौमित्र कौतुकाने सांगत होता. ‘हात केला आणि सुसाट पुढे. नाश्ता नको, काही नको!’

बाबांनी मिसळ सोडली. मिसळ, कादू!

तुला सांगायचं नाही अशी दिवाळीपासून त्यांनी मला शपथ घातली आहे. ती आज मोडते. बाबांना पार्किन्सन्स झालाय. हात कापत नाहीत म्हणून तुझ्या लक्षात आलं नाही. त्यांचे पाय अडतात. दारात, पायरीशी, खिळे ठोकल्यासारखे. सायकलवर मात्र काही होत नाही. डॉक्टर म्हणाले, पुष्कळांचं असं असतं, चालवू द्या. पेडल फिरतंय तोवर ते आपले जुने बाबा असतात. फक्त उतरता येत नाही. थांबायचं म्हटलं की पाय पेडलवरून निघतच नाही. कुणीतरी सायकल धरावी लागते, आणि ते कुणीतरी म्हणजे मी.

यवतला मी नव्हते, म्हणून ते थांबले नाहीत.

मी फोन लावत राहिले. त्यांच्या पाठीवरच्या खिशात तो वाजत राहिला असणार. टेम्पोवाल्या भैरूला म्हटलं, जरा पुढे घे रे. ‘काकू, लास्टच्या म्होरं जायचं न्हाय, सायबांनी बजावलंय. आन् काका लई झ्याक चालवत्यात, कशाला घोर?’ मी एक वाक्य बोलले असते तर त्याने टेम्पो पळवला असता. पण जे लपवायला हा माणूस उपाशी पुढे निघून गेला, तेच त्याच्या माघारी चव्हाट्यावर कसं मांडू? शेफाली पुढे रमतगमत चालली होती, दर उसाच्या गाडीचा फोटो काढत. मी तिच्या पाठीकडे बघत बसले. हातातल्या केळ्याचा लगदा झाला.

भिगवणला मुक्कामाच्या मंगल कार्यालयाच्या मैदानात शिरलो तर टाळ्यांचा कडकडाट. सगळे कडेने उभे आणि मधे बाबा गोल गोल फिरताहेत. ‘काकांची व्हिक्टरी लॅप!’ सौमित्र ओरडला. ‘मघापासून चाललंय, दमतच नाहीत!’ बाबा हसत होते. ते हसू तू फोटोत पाहिलंस, मी जवळून पाहिलं. ओठ पांढरे पडले होते. चड्डी ओली झाली होती, सगळ्यांना तो घाम वाटला. माझ्या बाजूने जाताना एवढंच म्हणाले, ‘आलीस?’

मी धावले. हँडल धरलं, पण त्यांचा भार मला पेलवेना. ते सायकलसकट माझ्या अंगावर आले. तीच ती मिठी, कादू. तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. पुढच्या क्षणाला आम्ही दोघं जमिनीवर होतो आणि माझं मनगट त्यांच्याखाली. पायरी वगैरे काही नव्हती.

‘हिच्या हातामुळे सोलापूर राहिलं’ असं बाबा आल्यागेल्याला सांगतात. सांगू देत. कुणी नसलं की प्लास्टरवरून हात फिरवत बसतात.

आणि आता त्यांच्या सत्तरीची भेट म्हणून तू तुम्हा दोघांची नावं कन्याकुमारीच्या राइडला देऊन बसलीस. बाबा रोज साखळीला तेल घालताहेत. नको म्हण, रजा नाही म्हण, काहीही थाप मार, असं लिहायलाच मी बसले होते. पण सायकल गेली तर मागे उरतील ते नुसते अडलेले पाय. आणि जा म्हणावं, तर दर थांब्यावर त्यांच्या आधी कोण पोहोचणार? मला काही सुचत नाही गं. तूच काय ते ठरव. आजवर तुला असं कधी सांगितलं नव्हतं.

एवढं मात्र कर. तो फोटो डीपीवरून काढू नकोस. काढलास की त्यांना कळेल, मी सांगितलं.

तुझी,
सध्या एकाच हाताची,
आई