आबांची कात्रणांची वही

आबा,

तुम्ही बाजारात गेलात आणि आपली लाली कुत्री थरथरू लागली. गोचिडांसाठी सकाळी आपण तुमच्या वहीतला उपाय म्हणून अंगाला लावलेलं तंबाखूचं पाणी तिनं चाटलं होतं. गुरांच्या दवाखान्यात नेली. सलाईन लावलंय, डोळे उघडलेत. तुमचं नाव घेतलं की शेपूट हलवते.

डॉक्टरांनी विचारलं, "उपायाखाली डॉक्टरचं नाव होतं का?" "पेपरमा छापेल शे ना!" पेपरात छापलंय म्हणजे खरंच, हे तुमचं नेहमीचं उत्तर मी दिलं नाही.

घरी येऊन तुमची कात्रणांची वही न विचारता नेतेय, रागावू नका. डॉक्टर एकेक उपाय तपासून बरोबर असेल त्याखाली सही करणार आहेत. म्हणाले, "कुत्रं आजारी पडलं की गल्ली आबांनाच विचारते ना? मग आबांनाही बोलवा."

टोपल्यात भाकरी आहे. जेवून दवाखान्यात या, आम्ही तिथं थांबतो.

तुमची सून,
विमल